चार साल, चार महिने, चार दिवस

रमजानचा पहिला आठवडा सरला की आमच्या इंदापूर-बारामती भागातल्या मोबाईलवर फोटो फिरू लागतात. डोक्यावर नवी टोपी, गळ्यात गुलाबाचा हार, समोर खजुरांची बशी आणि खाली ओळ : ‘वयाच्या सहाव्या वर्षी पहिला रोजा पूर्ण.’ तालुक्याच्या बातम्यांच्या पानावरही असे फोटो छापून येतात. मुलाच्या चेहऱ्यावर निम्मे समाधान असते, निम्मी भूक. मला हे फोटो आवडतात. मीही खाली ‘माशाअल्लाह’ लिहिते. पण वयाचा आकडा खाली खाली येत चालला आहे, असे मला हल्ली वाटते. सातचे सहा झाले, सहाचे पाच. मग आठ वर्षांच्या मुलाची आई तो फोटो बघते, आपल्या मुलाकडे बघते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सहरीला उठवते.

रोजा बालिग झाल्यावर फर्ज होतो, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. लहानांना सवय लावणे हेही जुनेच. बुखारी शरीफमध्ये रुबय्यी बिंत मुअव्विज (रजि.) यांची हकीकत येते. आशूराचा रोजा त्या मुलांनाही ठेवायला लावत, आणि एखादे मूल खाण्यासाठी रडू लागले की त्याला लोकरीचे खेळणे देत, इफ्तारची वेळ होईपर्यंत. मला त्या हकीकतीतले ते खेळणे फार आवडते. मूल रडणार, हे त्या आयांनी धरूनच ठेवले होते. आमच्या घरी दादीचा ‘चिडीचा रोजा’ असायचा. सकाळी नाश्ता नाही, दुपारी बाराला खिचडी. तोही आम्ही मोजायचो. आणि वयाचे म्हणाल तर रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपल्याकडे हिवाळ्यातला रोजा साधारण साडेबारा तासांचा, मे-जूनमधला साडेचौदाच्या आसपास, आणि वर इंदापूरचे ऊन. २०१९ मध्ये रमजान मे महिन्यात आला होता. त्या वर्षी नऊ वर्षांच्या पोराने ठेवलेला रोजा आणि थंडीत सहा वर्षांच्या पोराने ठेवलेला रोजा, यांत लवकर कोण ते मला ठरवता येत नाही.

मी अंगणवाडी सेविका आहे, लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर. कोणते मूल कधी बसले, कधी उभे राहिले, कधी बोलले, हे लिहिणे माझे रोजचे काम. आणि ‘आमचा तर त्याच्याही आधी’ हे ऐकणेही रोजचेच.

माझी स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. गावाकडच्या माझ्या वयाच्या पुष्कळ जणींची तीच असेल. दादी मला शाळेत घालायला घेऊन गेली तेव्हा दाखला वगैरे काही नव्हते. गुरुजींनी मला समोर उभे केले आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितले. माझी बोटे कानाच्या वर जेमतेम टेकली. मी मान वाकडी केली. गुरुजी म्हणाले, “मान सरळ ठेव गं.” त्या वर्षी मी घरी परत आले. पुढच्या वर्षी कान हातात आला, आणि हजेरीपटावर नावापुढे १ जून पडला, कारण शाळा जूनमध्ये सुरू होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी. या परीक्षेला हसू नये. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि हात आखूड. सहाच्या आसपास हात लांबतो, तेव्हा कान लागतो. कागद नसलेल्या मुलखात वय अंगावरून वाचायची ती रीत होती. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळेत घालायला जन्माचा दाखला हाच पुरावा. कानाचे काम संपले.

मग माझी बिस्मिल्लाह कशी ठरली? आपल्याकडे रिवाज आहे, चार साल, चार महिने आणि चार दिवस पुरे झाले की मुलाची बिस्मिल्लाह करायची. हे कुराण-हदीसमधले फर्मान नव्हे. आपल्या हिंदुस्थानी घरांतला जुना रिवाज आहे, आणि मला तो गोड वाटतो. सूरे अलकच्या सुरुवातीच्या आयती मुलाकडून म्हणवून घ्यायच्या, ज्यांचा पहिलाच शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच. पण चार दिवसांपर्यंतचा हिशेब करायला जन्माचा दिवस तर माहीत हवा. दादीकडे तीन कॅलेंडरे होती, तिन्ही तोंडपाठ. एक साखर कारखान्याचे : गाळप कधी सुरू झाले, पट्टा कधी पडला. दुसरे तुकोबांच्या पालखीचे, कारण देहूहून निघालेली पालखी बारामती सोडली की बेलवाडी, लासुर्णे करत आमच्या दारावरून पुढे अंथुर्ण्याला जाते. त्या दिवशी अब्बा वारकऱ्यांसाठी पाण्याचे पिंप भरून ठेवत. तिसरे चांदाचे. मी भवानीनगरच्या कारखान्याचा पट्टा पडला त्या आठवड्यातली, एवढे तिला पक्के होते. तिथून तिने चांद मोजत आणले. अब्बा इंग्रजी महिन्यांनी मोजत होते. चांदाने मोजले तर बिस्मिल्लाह दीड महिना आधी येते. दोघांचे भांडण आठवडाभर चालले. शेवटी दादी म्हणाली, “ऊपर बराबर लिख्या है, तू काहेको जोड-बाकी करता?” आणि तिच्या चांदाप्रमाणे मला नवा फ्रॉक घातला, पाटीवर हाफिजसाहेबांनी अक्षर काढले, बत्तासे वाटले. मला आठवतात ते फक्त बत्तासे.

ज्यांचा हार झाला नाही अशा गोष्टी मात्र मला लख्ख आठवतात. माझा भाऊ नीरा डाव्या कालव्यात पोहायला शिकला. पाठीला आधी वाळका भोपळा, मग रिकामा प्लास्टिकचा कॅन, आणि एके दिवशी कॅन न बांधताच पलीकडच्या काठाला. अम्मीला ते आठ दिवसांनी कळले आणि तिने त्याला बडवला. तो मार खाताना हसत होता. मी दहा वर्षांची असताना माझी पहिली ज्वारीची भाकरी तव्यावर फुगली. त्याआधीच्या सगळ्या भाकऱ्यांना भेगा पडायच्या, काठ फाटायचे, त्या कोंबड्यांना जायच्या. ती फुगली तेव्हा दादी काही बोलली नाही. तिने ती भाकरी उचलून अब्बांच्या ताटात ठेवली, आणि अब्बांनी न बघता मोडून कालवणात बुडवली. कोंबड्यांची भाकरी माणसांच्या ताटात गेली, यापेक्षा मोठा मान मला पुढे बक्षीस समारंभातही मिळाल्यासारखा वाटला नाही.

अंगणवाडीत आले तेव्हा माझ्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड आले. त्यावर वजनाची रेघ असते आणि वाढीचे टप्पे असतात. वस्तीवरच्या बायका माझ्याकडे येत त्या बहुतेक दोन प्रकारच्या : एक, ज्यांचे नऊ महिन्यांत चालले, दुसरी, जिचे चौदा महिन्यांचे झाले तरी भिंत धरूनच आहे. दुसरीच्या घरी सासू, जावा, शेजारीण सगळे बोलत असायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली या टप्प्यांचा एक अभ्यास छापला. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली सुदृढ बाळे त्यांनी पाहिली होती. भारतातली दिल्लीची होती. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने निघाला, आणि एकटे चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे आठव्या महिन्यात चालणारे बाळही ठीक आणि सतराव्या महिन्यात चालणारेही ठीक. शंभरातली चार-एक बाळे तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, ती थेट उभी राहिली. हे आकडे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. चौदा महिन्यांच्या बाळाच्या आईला ते पान दाखवले की तिचे खांदे खाली येतात. नऊ महिन्यांवालीला ते फारसे रुचत नाही.

पण या खिडक्यांना दुसरी बाजूही असते. काही खिडक्या बंद होतात. माझ्या घरी तेच झाले.

माझी थोरली सगळ्यांत पुढे असणारी. कायदा झटपट संपवला, साडेसहा वर्षांची असताना तिचे तीसही सिपारे नाजरा पुरे झाले. तिची आमीन आम्ही मोठी केली, दोन देगा चढवल्या. ती लाल ओढणी घेऊन बसली होती आणि पाहुण्यांसमोर अजिबात न अडखळता वाचत होती. मुलांच्या अब्बांना त्या दिवशी पायाखाली जमीन लागत नव्हती. मलाही.

धाकटा २०१२ चा. वेळेवर बसला, अकराव्या महिन्यात चालला, गुटगुटीत, हसरा. बोलत नव्हता. वर्षाला एखादा शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडून, असे आमचे कार्ड सांगते. हा अडीच वर्षांचा झाला तरी ‘अम्मा’, ‘आबा’ आणि बोट. माझ्या सासूबाई म्हणत, “बोलेगा, बोलेगा. इसका बाप भी देर से बोल्या था.” हे खरेही होते. पण मी दिवसभर पंचवीस मुलांत असते. मी हाक मारली की ती वळतात, खाऊचा डबा उघडला की वळतात. हा दार आपटले तरच वळायचा. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवली, मग वाटी-चमचा वाजवला, मग नुसते हळू नाव घेतले. नाव घेतले तेव्हा तो खेळत राहिला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१५ मध्ये अंगणवाडीत तपासणीला आले. वर्षातून दोनदा येते. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असे चार गट ते पाहतात. इतर मुलांच्या रांगेत मी त्यालाही उभा केला. त्यांनी चिठ्ठी दिली. एसटीने बारामती, बारामतीहून पुणे. तिथे त्याला झोपेचे औषध देऊन, डोक्याला तारा चिकटवून बेरा चाचणी झाली. मुलाने काही सांगायची गरज नसते. कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोहोचला की नाही ते यंत्र दाखवते. दोन्ही कानांना बरेच कमी. हळू बोलणे त्याच्यापर्यंत येतच नव्हते.

डॉक्टर लोकांचा याबाबत एक हिशेब आहे : बाळ महिन्याचे व्हायच्या आत कानाची पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. कारण भाषा आधी कानातून आत जाते आणि मग तोंडातून बाहेर येते, आणि मेंदू त्यासाठी सगळ्यांत मोकळा असतो तो पहिल्या काही वर्षांत. जन्मल्यावर माझ्या मुलाची ती चाचणी झालेली नव्हती. उपाय सुरू झाला तेव्हा त्याला तिसरे वर्ष लागून बरेच महिने झाले होते. वाचणाऱ्या बहिणींना एवढेच सांगते : चालायला उशीर झाला तर थोडे थांबता येते, ऐकण्याच्या बाबतीत थांबू नका. बाळंतपण जिथे झाले तिथे कानाची तपासणी विचारा. श्रवणयंत्रासाठी केंद्राची अॅडिप योजना आहे. मुंबईला वांद्र्यात १९८३ पासून राष्ट्रीय संस्था आहे, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची. आपल्या समाजात हे नाव माहीत असते, संस्था माहीत नसते.

यंत्रे कानाला लागली म्हणजे मूल दुसऱ्या दिवशी बोलत नाही. थेरपीच्या ताईंनी मला सहा आवाज दिले : म, ऊ, आ, ई, श, स. या सहांत बोलण्याचे जाड-बारीक सगळे आवाज येतात. मी रोज सकाळी तोंडासमोर वहीचा पुठ्ठा धरायची, म्हणजे त्याला ओठ दिसू नयेत, आणि एक एक आवाज काढायची. ऐकू आला की त्याने एक चिंचोका डब्यात टाकायचा. म, ऊ, आ लवकर आले. ई आली. श कधी ऐकू यायचा, कधी नाही. स ला चिंचोका हातातच राहायचा. स सगळ्यांत बारीक, सुतासारखा. डब्यात किती चिंचोके पडले ते मी कार्डाच्या मागे लिहीत होते. सहाचा खेळ, आणि रोज चार नाहीतर पाच.

डिसेंबर २०१६ मध्ये त्याचे चार साल, चार महिने, चार दिवस भरत होते. या वेळी तारखेचा वाद नव्हता, दाखला होता.

सासूबाई म्हणाल्या, थांबू या. त्यांचे म्हणणे वाईट नव्हते. थोरलीची आमीन सगळ्यांनी पाहिली होती. त्याच ओट्यावर हा बसणार, आणि त्याच्या तोंडून काय निघेल? “साफ बोलने दे पहले. लोग हँसेंगे. बच्चे पे हँसेंगे, मेरेकू क्या.” मुलांचे अब्बा गप्प होते. मला वाटत होते की साफ बोलण्याची वाट पाहिली तर ती वाट कुठे संपेल कुणाला माहीत, आणि त्याच्या वयाच्या चुलत भावाची बिस्मिल्लाह झाली, याची नाही, हे त्याला ऐकू आले नाही तरी दिसणार होते. शेवटी मी सासूबाईंना म्हटले, “अम्मा, आपल्याकडे काम सुरू करायलाच बिस्मिल्ला करणे म्हणतात ना? ही आमीन नाही.” त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या टोपीला जर लावली.

घरातली पंधरा-वीस माणसे होती. हाफिजसाहेबांना मी आधीच सांगून ठेवले होते की समोरून, उजेडात तोंड ठेवून, हळू बोला. एक सोय आपसूक होती : त्यांची मिशी कातरलेली, ओठ स्वच्छ दिसत. ब आणि म हे ओठ मिटून निघणारे आवाज, ते डोळ्यांनाही कळतात. ते म्हणाले, “बिस्मिल्लाह.” तो त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होता. मग म्हणाला, “बि... मिल्ला.” मधला स नव्हता. जिथे स हवा तिथे त्याने तेवढी जागा सोडली होती. एक लहान मुलगा हसला. थोरलीने त्याच्याकडे असे बघितले की तो दाराबाहेर गेला. हाफिजसाहेबांनी दुसऱ्यांदा म्हणवून घेतले नाही. “आगे,” म्हणाले आणि ‘इक्रा’कडे गेले. इक्रामध्ये स नाही. ते तो जवळजवळ पूर्ण म्हणाला.

त्या दिवशी देगा नव्हत्या; जिलेबी होती.

पुढची अडीच वर्षे चिंचोके चालूच होते. शाळा सुरू झाली, पहिल्या बाकावर जागा मिळाली. घरातल्या सगळ्यांना स नसलेली त्याची भाषा पाठ झाली होती. ‘ऊरज’ म्हणजे सूरज, ‘आकर’ म्हणजे साखर, ‘आयकल’ म्हणजे थोरलीची जुनी सायकल, जिच्यावर त्याचा डोळा होता आणि जी त्याने एकदाची मिळवली. हाफ पायडल मारत तो कालव्याच्या रस्त्याने जाऊ लागला. पुढे-पुढे मीही त्याच्याशी बोलताना ‘आयकल’च म्हणायला लागले होते. थेरपीच्या ताईंनी मला रागावून ते बंद करायला लावले.

२०१९ मध्ये, पालखी लासुर्ण्यातून पुढे गेली त्यानंतरच्या चार-सहा दिवसांतली गोष्ट. रस्त्याच्या कडेला अजून कागदी पेले पडलेले होते. मी मागे भांडी घासत होते, सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. हा घामाघूम होऊन आत आला आणि वैतागून म्हणाला,

“सायकल पंक्चर हुई.”

सासूबाईंचा हात थांबला. “क्या बोल्या रे?”

त्याला वाटले आपल्याला रागावतात. “मैं नै कर्या. काँटा था.”

“नै नै. पहले क्या बोल्या?”

“सायकल,” तो म्हणाला, जरा मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावे तसे. “सायकल. पंक्चर.”

सासूबाईंनी मला आतून हाक मारली. मी राखेचे हात घेऊन पुढे आले तेव्हा तो चौथ्यांदा सांगत होता आणि आता चिडला होता. त्याला काही कळत नव्हते की ही दोन मोठी माणसे पंक्चरवर काय एवढी खूश झाली आहेत. त्या दिवसाची तारीख कार्डावर नाही. संध्याकाळी त्याचे अब्बा चाक काढून जंक्शनच्या दुकानात घेऊन गेले. वीस रुपये पडले.